सुताराच्या हातातलं वीजबिल

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. चौल-रेवदंड्यापासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, काही गावांत वीज परतायला आठवडे लागले. डोक्यावर मृगाचा पाऊस उभा होता. अशा वेळी कुणी कौलांचा दर्जा बघत बसत नाही. मिळेल तो पत्रा आणला, लोखंडी चॅनेलवर ठोकला आणि संसार झाकला. त्या घाईला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पुढची गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. तात्पुरता पत्रा कायमचा झाला, पुढच्या उन्हाळ्यात दुपारी घरात बसवेना, आणि ज्या घरात चार पिढ्या पंख्यावर निभावल्या तिथे एसीचे हप्ते सुरू झाले.

वीज वाचवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रिशियन येतो, फार तर सोलरवाला. या किनाऱ्यावर खरा निकाल त्यांच्या आधीच लागलेला असतो. छप्पर कशाचं, वळचण किती बाहेर, खिडकी कुठे आणि ती किती उघडते, हे चार प्रश्न सुटले की बिलाचा मोठा भाग ठरून जातो. आणि ही चारही कामं एकाच माणसाच्या हातातली आहेत. जुन्या घराची डागडुजी करणारा जाणता सुतार हा रायगडच्या किनाऱ्यावरचा पहिला ऊर्जासल्लागार आहे. तो तसं फलकावर लिहीत नाही, आणि घरमालकही त्याला त्याबद्दल विचारत नाहीत.

आधी उन्हाचा हिशोब मांडू. अलिबाग साधारण 18.6 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा येतो, तेव्हा तो ढगाआड असतो इतकंच. स्वच्छ आकाश असेल तर दुपारी सपाट पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट इतकी ऊर्जा पडते. आठशे चौरस फुटांच्या एकमजली घराचं छप्पर म्हणजे पंचाहत्तर चौरस मीटर. त्यावर भर दुपारी पंचाहत्तर किलोवॉट ऊन सांडत असतं. भिंतींवर त्या मानाने फार थोडं पडतं, कारण सूर्य माथ्यावर असतो. म्हणून एकमजली घरात पहिला रुपया छपरावर घालायचा. भिंतींना महागडा उष्णतारोधक रंग लावून छपरावर उघडा पत्रा ठेवणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

या उन्हाचं पुढे काय होतं, ते छपराच्या वस्तूवर अवलंबून. पत्रा पातळ असतो, त्यात उष्णता साठत नाही. तो झटकन तापतो आणि तितकीच झटकन ती खाली फेकतो. पत्र्याखाली उभं राहिल्यावर डोक्याला जी धग लागते ती बरीचशी उष्णतेच्या किरणांची असते, हवेची नव्हे. म्हणून पंखा लावूनही बरं वाटत नाही. संध्याकाळी पत्रा लवकर निवतो, हा त्याचा एकच गुण. स्लॅबचं उलट. तो दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि रात्री दहा-अकरा वाजता, आपण अंथरुणावर पडल्यावर, परत करतो. देशावर रात्री पारा खाली उतरतो, तिथे जाड छप्पर उपयोगी पडतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत रात्रही फारशी थंड होत नाही, त्यामुळे स्लॅब निवायलाच सवड नसते.

कौलाचं गणित वेगळं आहे. मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं, पण हवाबंद बसत नाही. शेकडो सांध्यांतून गरम हवा वर निसटत राहते. भाजलेली माती थोडं पाणी धरते, ते सुकताना कौल गार होतं. आणि कौलाखाली पोटमाळा असला तर उष्णता तिथेच अडते, माणसांपर्यंत येत नाही. ही कौलं मुळात इथली नव्हेत. बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथला माल समुद्रमार्गे मुंबईकडे येऊ लागला. त्याआधी इथे कुंभाराच्या चाकावरची नळीची कौलं होती. जुन्या घराचं छप्पर उतरवताना कौल उलटं करून पाहावं. मातीत उठवलेली मिशनची अक्षरं कधीकधी अजून वाचता येतात. त्यावरचं 1865 हे कारखान्याचं साल असतं. ते पाहून आपलं घर तेव्हाचं आहे असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर हसून सोडून द्यावं.

आता सुतार काय करतो ते जवळून बघू. पोटमाळ्यावर चढल्यावर तो आधी विजेरी वाशांच्या टोकांवर मारतो. मधला वासा सहसा शाबूत असतो. ऐन, किंजळ किंवा सागाचा असेल तर शंभर वर्षंही टिकतो. कुजतं ते टोक, जिथे वासा भिंतीवरून बाहेर जातो आणि वळचणीचं पाणी झिरपतं. तो पटाशीच्या दांड्याने टकटक करत जातो. भरीव आवाज आला तर पुढे. बद्द आवाज आला तर पटाशीचं टोक टेकवून दाबतो. लाकूड चांगलं असेल तर ते अडतं, कुजलं असेल तर बोटभर आत जातं. भिंतीला लागून मातीची बारीक नळी दिसली की वाळवी आहे; ती खालून, जमिनीतून वर आलेली असते, म्हणून औषध फक्त वाशाला मारून भागत नाही. मग कोळशाने किंवा पेन्सिलीने खुणा पडतात. पूर्ण वासा बदलायचे किती, टोक कापून नवं लाकूड सांधायचे किती, आणि ज्यांना हातही लावायचा नाही ते किती.

या खुणा म्हणजेच कामाचं अंदाजपत्रक असतं, आणि ऊर्जेची पहिली बचतही. कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ अर्धा भाग कार्बनचा असतो, झाडाने हवेतून घेतलेला. शंभर वर्षांचा वासा जागेवर ठेवला तर तो कार्बन जागेवर राहतो, आणि त्याच्याऐवजी येणाऱ्या लोखंड-सिमेंटसाठी भट्टी पेटवावी लागत नाही. मुंबईत रे रोड-दारूखान्याच्या लाकूडबाजारात पाडलेल्या इमारतींचा बर्मी साग आजही विकायला येतो. तो महाग वाटतो, पण पूर्ण मुरलेला असतो, पावसाळ्यात वाकडा होत नाही. ओल्या नव्या लाकडाचं दार वैशाखात बसवावं आणि आषाढात खांदा लावून ढकलावं, हा अनुभव कोकणात घरोघरी आहे.

वासे दुरुस्त झाले की छपराचे थर चढतात. इथे जुन्या रीतीत एक नवी भर घालण्यासारखी आहे. वाशांवर आधी एक रीप वाशाच्याच दिशेने, म्हणजे आढ्यापासून वळचणीकडे मारायची. त्यावर आडव्या रिपा, त्यांवर कौलं. या दुहेरी रिपेमुळे कौलांखाली इंच-दीड इंचाची पोकळी तयार होते. ती वळचणीला खालून आणि आढ्याला वरून उघडी ठेवली की तापलेली हवा आपोआप वर चढून निघून जाते. वीज लागत नाही. खाली वाशांवर ॲल्युमिनियमचा चकचकीत पडदा अंथरला तर कौलांतून येणारी किरणांची धगही बरीच अडते आणि फुटक्या कौलातून आलेलं पाणी त्यावरून वाहून वळचणीला पडतं. मात्र हा पडदा काम करतो तो त्याच्या एका बाजूला हवा मोकळी असेल तरच. तो पत्र्याला किंवा फळीला दोन्हीकडून चिकटवून टाकला तर ॲल्युमिनियम उष्णता झटकन वाहून नेतं, पैसे पाण्यात. हे न सांगता पडदा विकणारे पुष्कळ आहेत.

पत्रा काढणं परवडत नसेल तर पत्र्याखाली सहा-आठ इंच सोडून बांबूची किंवा फळ्यांची तक्तपोशी करावी आणि दोन्ही टोकांना जाळी ठेवून ती पोकळी वाहती ठेवावी. वरून पत्र्याला पांढरा रंग द्यावा. स्लॅबवर चुन्याचा हात किंवा पांढरे चिनीमातीचे तुकडे चालतात. पण इथे पावसाळ्यात पांढऱ्याचं काळं होतं, शेवाळ धरतं, आणि काळ्या स्लॅबला पांढऱ्याचे गुण राहत नाहीत. दिवाळीनंतर दरवर्षी घासून पुन्हा हात मारायची तयारी असेल तरच हा मार्ग घ्यावा.

वाऱ्याचा प्रश्न राहिलाच. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 33 मीटर. अभियंते वाऱ्याचा दाब काढायला वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणतात. उत्तर येतं चौरस मीटरला साडेसहाशे न्यूटनच्या पुढे, म्हणजे सुमारे 68 किलो वजनाएवढं. एक मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, म्हणजे वजन झालं पस्तीस किलोच्या आगेमागे. नुसत्या वजनावर बसलेलं कौल अशा वाऱ्यात टिकणार कसं? छपराच्या कडांना आणि आढ्याला तर ओढ याहूनही जास्त असते. उतार फार कमी असेल तर सगळं छप्पर वर उचललं जातं. तीस अंशांच्या आसपास ही ओढ बरीच कमी होते. चारही बाजूंनी उतरणारं चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वादळात बरं ठरतं, कारण वाऱ्याला आपटायला त्रिकोणी भिंत मिळत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी चौपाखी घरं बांधली ती हे सूत्र मांडून नव्हे, पण वारा त्यांनीही खाल्ला होता. सुताराने करायचं काम एवढंच: वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्याची कौलं आणि कडेच्या रांगा तारेने रिपेला बांधायच्या, रिपा खिळ्यांऐवजी स्क्रूने वाशाला आवळायच्या, आणि वासे पाटईला, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला, आणि पाटई भिंतीला पट्टीने जखडायची. साखळीतली एक कडी सुटली तरी बाकीच्यांचा खर्च वाया जातो. सामान स्टेनलेस स्टीलचं घ्यावं, समुद्राला लागून असेल तर 316 दर्जाचं, नाहीतर पितळी. साध्या लोखंडाला खारी हवा दोन-तीन पावसाळ्यांत खाते.

छपरानंतर खिडक्या. समुद्र पश्चिमेला, म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक नव्या बंगल्याला पश्चिमेकडे भलीमोठी काच हवी असते. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हापासून शनिवार-रविवारच्या घरांची ही हौस वाढतच गेली आहे. दहा फूट रुंद, सात फूट उंच अशी साधी काच घ्या. साडेसहा चौरस मीटर. मे महिन्यात साडेचारच्या सुमारास तिच्यावर चौरस मीटरला सहाशे वॉटच्या आसपास ऊन पडतं आणि साध्या काचेतून त्यातलं ऐंशी टक्के आत येतं. म्हणजे तीन किलोवॉट उष्णता. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा सूर्यास्त बघायच्या हौसेपायी जवळपास एक टन आधीच खर्ची पडला, खोलीतल्या माणसांची अजून मोजदादही नाही. वर छज्जा काढला म्हणून भागत नाही. त्या वेळी सूर्य तेहतीस-चौतीस अंशांवर उतरलेला असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली जेमतेम सव्वा फूट खाली येते. जुन्या घरात पश्चिमेला सहा-सात फुटांची पडवी असायची आणि तिची वळचण इतकी खाली की उंच माणसाला वाकून यावं लागे. त्या वाकण्यात ऊन अडवण्याची सगळी युक्ती होती.

पडवीला जागा नसेल तर लाकडी पट्ट्यांची झडप करता येते, आणि ती किती देखणी होऊ शकते याचा नमुना याच किनाऱ्यावर आहे. बिजॉय जैन हे वास्तुरचनाकार परदेशातून 1995 मध्ये परतले आणि अलिबाग परिसरात सुतार-गवंड्यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘स्टुडिओ मुंबई’ची कार्यशाळा चालवली. 2007 मध्ये पूर्ण झालेलं नांदगावचं ‘पामायरा हाउस’ हे त्यांचं गाजलेलं घर. नारळाच्या वाडीत किंचित पुढेमागे ठेवलेल्या दोन लांबट पेट्या. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, सांधे एकमेकांत अडकवलेले, आणि दर्शनी बाजू जवळजवळ सगळी ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांची. पट्ट्या ऊन अडवतात, वारा सोडतात. पाणी आवारातल्या विहिरींचं, उंचावरच्या टाकीतून आपल्या वजनाने खाली येणारं. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या 2010 च्या अंतिम यादीत हे घर होतं. त्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात स्टुडिओने आपली कार्यशाळाच मांडून दाखवली. पैसेवाल्याचं सुट्टीचं घर म्हणून ते बाजूला टाकू नये. ऐन, ताड आणि पट्टी तासणारा हात हे तिन्ही गावात मिळतं. साध्या घराच्या पश्चिम खिडकीला अशा उभ्या-आडव्या पट्ट्यांची एक झडप करून घ्यायला कुठल्याही पुरस्काराची गरज नाही.

आणि खिडकी उघडली पाहिजे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. तिच्यात दमट-उष्ण प्रदेशासाठी उघडणाऱ्या भागाचं प्रमाण जमिनीच्या 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश सांगितलं आहे. त्या वेळची संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी होती, गावच्या घराला तिचं बंधन नाही, पण आकडा सुताराच्या टेपवर लिहून ठेवावा असा आहे. दहा बाय बाराची खोली, एकशेवीस चौरस फूट. उघडणारा भाग हवा वीस. आता चार बाय चारच्या दोन ॲल्युमिनियम सरकत्या खिडक्या लावा. कागदावर बत्तीस फूट दिसतात, पण सरकती खिडकी कधीच अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही, म्हणून हाती आले सोळा. तीन बाय साडेतीनच्या दोन लाकडी खिडक्यांची कवाडं सताड उघडली तर एकवीस मिळतात. कमी काच, जास्त वारा. दिवसा पश्चिमेचे खारे वारे येतात, रात्री पूर्वेकडून मतलई. म्हणून खिडक्या समोरासमोर हव्यात आणि मधल्या भिंतीत दारावर जाळी हवी. अंगावरून फिरणारा वारा दोन-तीन अंशांचा दिलासा देतो. वारा पडला की पंखा. साधा पंखा पंचाहत्तर वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. बारा तास चालला तर दिवसाला अर्धा युनिट वाचतं.

परदेशातले सुतारही आता ऊर्जेचं काम करतात, पण त्यांचं शास्त्र जसंच्या तसं इथे उचलू नये. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरं थंडीपासून राखण्याच्या सरकारी योजना निघाल्या. तिथला कारागीर दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातली हवा ओढतो आणि फटी कुठे आहेत ते मोजून एकेक बुजवतो, कारण फटीतून त्यांची ऊब पळते. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची 1904 मधली इमारतही अशीच बंदिस्त आहे: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय उपकरणं इकडे हलवली, लोखंडाचा स्पर्श नको म्हणून पोरबंदरचा दगड आणि तांबं-पितळ वापरलं, आणि आतलं तापमान हलू नये अशी बांधणी केली. उपकरणांना घाम येत नाही, तिथे हे योग्यच. माणसाचं घर पावसाळ्यात असं बंद केलं तर गाद्यांना आणि कपाटांना बुरशी धरते.

मधला मार्ग असा की सगळं घर उघडं ठेवावं आणि एसी लावायचाच असेल तर एक खोली निवडावी, पूर्वेची, लहान, वर तक्तपोशी असलेली. त्या एका खोलीत मात्र परदेशी सुताराचा धडा गिरवावा: दाराखाली पट्टी, कवाडांच्या सांध्यात रबर, एकही फट नको. एसी चोवीस अंशांवर ठेवावा. तापमान वाढवलेल्या दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरोचं म्हणणं आहे.

व्यवहाराचं एक सांगायला हवं. अंगावर, म्हणजे चौरस फुटाच्या भावाने काम दिलं तर सुताराला जुना वासा वाचवण्यात काहीच मिळत नाही. नवा टाकला की काम लवकर उरकतं. जुन्या घराचं काम निदान छपरापुरतं रोजावर द्यावं आणि लाकूड मालकाने स्वतः आणावं. शाकारणीच्या दिवसांत चांगला सुतार हाती लागत नाही, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास बोली करून टाकावी.

शेवटी सोलर. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपयांचं अनुदान आहे, त्यामुळे कौलारू घरांवरही पॅनेल चढू लागली आहेत. पॅनेलचं वजन जुन्या छपराला सहसा पेलतं. धोका वाऱ्याच्या ओढीचा असतो. पॅनेल बसवणारी पोरं वरून, कौल सरकवून, हाताला लागेल त्या लाकडात बोल्ट मारतात आणि बऱ्याचदा ते लाकूड इंच-दीड इंचाची रीप असते. बोल्ट वाशातच गेला पाहिजे, आणि तोही शाबूत वाशात. कुठला वासा शाबूत आहे ते पोटमाळ्यावर खुणा करणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून पॅनेल चढायच्या दिवशी सुताराला खाली विजेरी घेऊन उभं करावं आणि त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी आधीच हिशोबात धरावी.